अस्सलाचा हट्ट आणि प्रतिकृतीचा धडा

कॅलिफोर्नियातील मालिबूजवळच्या ‘गेटी व्हिला’ या संग्रहालयाच्या बागेत उभे असलेले ब्राँझचे पुतळे अस्सल नाहीत, आणि संग्रहालयाने ते कधी लपविलेलेही नाही. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियममधील एका वाड्यात सापडलेल्या पुतळ्यांच्या या प्रतिकृती नेपल्सच्या किउराझी ओतशाळेत घडल्या. मूळ पुतळे नेपल्सच्याच संग्रहालयात असल्याने त्यांच्यावरून तंटा नाही. तंटा आहे तो ‘गेटी’कडील ‘विजयी युवक’ या अस्सल ग्रीक पुतळ्याचा.

इटलीच्या फानो बंदरातील मच्छीमारांच्या जाळ्यात १९६४ साली एड्रियाटिक समुद्रात हा पुतळा आला. ‘गेटी’ने १९७७ मध्ये तो सुमारे ३९.५ लाख डॉलरना विकत घेतला. तो बेकायदा देशाबाहेर गेला, हे इटलीचे म्हणणे. तर तो आंतरराष्ट्रीय सागरी हद्दीत सापडला, हा ‘गेटी’चा बचाव. इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये जप्तीचा आदेश कायम केला आणि २ मे २०२४ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही ‘गेटी’चा दावा फेटाळला. मात्र या न्यायालयाचा अंमल अमेरिकेवर चालत नाही.

या हट्टामागे दुर्मीळता आहे. शस्त्रे आणि नाण्यांसाठी प्राचीन ब्राँझ सर्रास वितळविले गेले. जे मोठे पुतळे वाचले, त्यांतील अनेक समुद्राने सांभाळले. मायरनचा थाळीफेक्या जगाला ठाऊक आहे तो रोमन संगमरवरी नकलांमुळे. मूळ ब्राँझ केव्हाच नाहीसे झाले. म्हणजे ग्रीक शिल्पाची निम्मीअधिक ओळख प्रतिकृतींनीच करून दिली आहे.

चांगली प्रतिकृती ही यंत्राची करामत नव्हे. साचा घेणे, मेणाचा पुतळा करणे, त्यावर मातीचे कवच चढविणे, मेण वितळवून त्या पोकळीत तप्त धातू ओतणे, नंतर छिन्नीने साफसफाई आणि रसायनांनी रंगछटा, या प्रत्येक टप्प्यावर कारागिराचा हात लागतो. फ्रँकफर्टच्या लीबीगहाउस संग्रहालयाने तर इटलीतील रियाचे येथे १९७२ मध्ये सापडलेल्या दोन योद्ध्यांच्या रंगीत ब्राँझ प्रतिकृती घडवून, मूळ पुतळे घडले तेव्हा कसे दिसत असावेत याचा अंदाज मांडला.

प्रतिकृतीने सारेच भागते असे नाही. धातूची घडण, आतील मातीचा गाभा, समुद्राने चढविलेला गंज हा पुरावा अस्सलातच असतो. परंतु हा पुरावा अभ्यासकांना इटलीतही तपासता येईल. राहिला सामान्य प्रेक्षकाचा प्रश्न. ज्या संग्रहालयाने आपली बागच प्रतिकृतींनी सजविली, त्याला अस्सल परत गेल्यास प्रेक्षक रिकाम्या हाताने परततील, असे म्हणता येणार नाही.