स्वतःची गाणी वाजवायची कुठे?

१९८८ साली माझ्या धाकट्या भावानं ‘रॉक एन रोल रेनिगेड’ची कॅसेट मढला, आमच्या कोळीवाड्यात आणली. ‘रॉक मशीन’ या मुंबईच्या बँडचा तो पहिला अल्बम. सुगीत आम्ही बाया वलांडीवर बोंबील टाकायला लागलो की तो जवळच टेपरेकॉर्डर लावायचा. इंग्रजी शब्द डोक्यावरून जायचे, पण ढोल छातीत वाजायचा. आमच्या हळदीच्या बँडमध्ये मोठ्या ढोलाचा दणका बसतो ना, तसाच. कव्हरवरची नावं भाऊ वाचून दाखवायचा. गाणारा उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर. ‘आपल्याच मुंबईची पोरं गं ही,’ असं म्हणताना त्याचा आवाज चढायचा.

त्या काळी आपल्याकडचे रॉक बँड बहुतेक परदेशी गाणीच वाजवायचे. लोकही तीच मागायचे. अशा गर्दीपुढे आपलं गाणं म्हणायला जिगर लागते. ती या पोरांत होती, म्हणून तो अल्बम झाला. पण नुसत्या जिगरीवर अल्बम होत नाही, पायाखाली रंगमंचही लागतो. त्यांना धोबीतलावचं रंगभवन होतं. १९८६ पासून तिथं ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा रॉक बँडांचा मेळा भरायचा. ऑगस्टात होड्या अजून किनाऱ्यावर ओढलेल्याच असायच्या, त्यामुळे भाऊ मोकळा, तिथं जायचाच. रात्री वर्सोव्याहून मढला येणारी बोट बंद, म्हणून तो मालाडला उतरून स्टेशनवरच बसून राहायचा आणि सकाळच्या २७१ नंबरच्या बसनं घरी यायचा. कपडे ओलेच, घसा बसलेला. आये चिडायची, पण चहा आधी त्यालाच द्यायची.

पुढे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि रंगभवन शांतता क्षेत्रात गेलं. आजूबाजूला इस्पितळं आहेत. तिथल्या रोग्याला झोप मिळालीच पाहिजे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझं म्हणणं एवढंच, की एक जागा काढून घेतली तर दुसरी द्यायला हवी होती. अंधेरीपासून दहिसरपर्यंत एवढी वस्ती वाढली. इथं रंगभवनासारखं, पोरांच्या खिशाला परवडेल असं एक खुलं नाट्यगृह महापालिकेनं बांधावं. इस्पितळापासून लांब, ध्वनिरोधक भिंतींचं, रात्री दहाला बंद होणारं, पण स्टेशनजवळ. हॉटेलात वाजवायचं तर मालक आधी ओळखीची गाणी मागतो. नवं गाणं पहिल्यांदा अडखळतं, दहाव्यांदा उभं राहतं. त्या आधीच्या नऊ वेळा पोरांनी कुठं काढायच्या?

रॉक मशीननं १९९३ मध्ये नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केलं, मधली काही वर्षं बँड थांबला, आणि २०१२ मध्ये त्यांचा ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम आला. भावाची ती कॅसेट खाऱ्या हवेनं कधीच बुरसली.

आता त्याचा मुलगा गिटार वाजवतो. जाळी ठेवायच्या खोलीत भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवून चौघं तालीम करतात. गाणं त्यांचं स्वतःचं आहे, आणि कोळी बोलीत आहे. गेल्या रविवारी मी दारात उभी राहून ते सबंध ऐकलं. मधे एकदा ताल सुटला, पोरांनी तो पुन्हा पकडला. संपल्यावर त्यानं विचारलं, ‘आत्या, लोकांसमोर कधी वाजवू गं?’