घरबसल्या पुण्याचा तह

गेल्या डिसेंबरात एका लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी एक निवृत्त प्राध्यापक बसले होते. मी पन्नाशीला टेकल्यावर ‘आंतरराष्ट्रीय संबंध’ या विषयात ऑनलाइन एम.ए. केल्याचं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं. मठ्ठ्याचा घोट घेऊन ते म्हणाले, “म्हणजे पोस्टाने पोहायला शिकलात म्हणायचं!” पंगत हसली. मीही हसलो, कारण तोंडात जिलबी होती. उत्तर द्यायचं राहून गेलं, ते इथे देतो.

आपल्याकडच्या वादाची जुनी शिस्त अशी, की समोरच्याचा पूर्वपक्ष आधी त्याच्यापेक्षा नीट मांडावा. तर तो असा: हा विषय माणसांचा आहे. राजदूत, परराष्ट्र खात्यातले निवृत्त सचिव, परदेशी पत्रकार सगळे दिल्लीत भेटतात. तिथल्या विद्यापीठाच्या कँटीनमध्ये चार देशांची पोरं चहावर भांडतात आणि त्या भांडणात जे कळतं ते पुस्तकात सापडत नाही. घरात एकटा बसलेला माणूस माहिती गोळा करील, पण नजर कुठून आणील? आणि एवढं करून त्या पदवीला विचारतो कोण?

शेवटचा मुद्दा आधी उरकतो, त्यात दम नाही. मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरावी, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली स्पष्ट केलं आहे. परराष्ट्र सेवेत जायचं असेल तर यूपीएससीला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, एम.ए. लागतच नाही. परदेशी विद्यापीठाची पदवी घेणाऱ्याने मात्र ती इथे चालते का, हे फी भरण्याआधी पाहावं. नंतर रडू नये.

दिल्लीचं म्हणाल, तर या विषयाचं जगातलं पहिलं अध्यासन १९१९ साली निघालं ते वेल्समधल्या अबरिस्टविथ या समुद्रकाठच्या छोट्या गावात. महायुद्ध नुकतंच संपलं होतं. एवढी माणसं मेली ती कशापायी, याचा अभ्यास व्हावा म्हणून डेव्हिड डेव्हिस आणि त्यांच्या बहिणींनी पैसा दिला. राजसत्तेच्या कानाशी बसल्याशिवाय ही विद्या येत नसती, तर तिचा पाळणा लंडन सोडून तिथे हलला नसता.

आता खरी गोष्ट. या विषयाचा कच्चा माल काय? तह, ठराव, मतदान, खलिते, निकालपत्रं. म्हणजे कागद. पूर्वी हे कागद मोठ्या ग्रंथालयांत कुलूपबंद असत, त्यामुळे दिल्लीला जाणं भागच होतं. आता गोव्यावर १८ डिसेंबर १९६१ रोजी सुरक्षा परिषदेत झालेल्या चर्चेचा शब्दन् शब्द साताऱ्यात माझ्या जेवणाच्या टेबलावर वाचता येतो. भारताने लढाई थांबवून सैन्य मागे घ्यावं, या ठरावाच्या बाजूने ७ मतं पडली, विरोधात ४, आणि सोव्हिएत संघाच्या नकाराधिकाराने तो पडला. कोण कुणाच्या बाजूने उभं राहिलं, हे त्या यादीत पाहताना अलिप्ततावादावरचं अख्खं प्रकरण समजतं.

पण मला खरं वेड लावलं ते दादरा-नगर हवेलीच्या खटल्याने. १९५४ साली स्वयंसेवकांनी हा मुलूख पोर्तुगीजांकडून सोडवला, त्यात सुधीर फडके होते, हे मराठी माणसाला ठाऊक असतं. पुढचं सहसा नसतं. दमणहून तिथे जायची वाट भारताने अडवली, म्हणून पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये भारताला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. आमचा तिथे हक्क आहे, असं सांगताना त्यांनी पुरावा काय काढला? १७७९ चा पुण्याचा तह, आणि मराठ्यांनी १७८३ आणि १७८५ मध्ये दिलेल्या सनदा! सवाई माधवरावांच्या काळातल्या कागदांवर १९६० साली हेगमध्ये न्यायाधीश डोकं खाजवत बसले. भारताच्या बाजूने नेमलेले न्यायाधीश होते मुंबईचे एम. सी. छागला. त्या तहात पोर्तुगीजांना १२,००० रुपये महसुलाची गावं द्यायचं ठरलं होतं. गावं दिली म्हणजे सार्वभौमत्व दिलं का? न्यायालय म्हणालं, नाही, मराठ्यांनी दिला तो जहागीर किंवा सरंजाम. पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांचा तिथला अंमल मानून घेतला, त्यामुळे वाटेचा काही हक्क त्यांना मिळाला, पण तो खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि मालापुरता. सैन्य आणि शस्त्रांसाठी नाही. भारताने कसलंही उल्लंघन केलेलं नाही, हे ९ विरुद्ध ६ मतांनी ठरलं.

या खटल्यावरचा माझा निबंध मी रात्री साडेअकराला पाठवला. आमच्या शिक्षिका मराठी नव्हत्या. परत आलेल्या प्रतीवर ‘सरंजाम’ या शब्दापाशी त्यांनी लिहिलं होतं: हा शब्द तुम्ही सहज वापरलात, मला तो कळत नाही, समजावून द्या. मी दोन पानं लिहिली. सरंजाम म्हणजे फौजफाटा बाळगण्यासाठी लावून दिलेलं उत्पन्न, जमिनीची मालकी नव्हे. लग्नाचा सरंजाम आणि सरंजामशाही हे शब्द कुठून आले, तेही लिहिलं. बत्तीस वर्षांपूर्वी मी वर्गात बसून राज्यशास्त्राचं पहिलं एम.ए. केलं. तिथे सर पिवळ्या पडलेल्या वहीतून ‘टीपा’ सांगायचे आणि आम्ही उतरवून घ्यायचो. माझ्या लिखाणाच्या समासात तिथे कुणी प्रश्न लिहिल्याचं आठवत नाही.

कँटीनच्या भांडणाचंही सांगतो. आमच्या गटात काठमांडूची एक मुलगी होती. २०१५ साली नेपाळच्या नव्या संविधानानंतर रक्सौल-बीरगंजच्या नाक्यावर ट्रक अडले, त्यावर मी लिहिताना ‘कथित नाकाबंदी’ असं लिहिलं. भारताने नाकाबंदी केल्याचं कधी मान्य केलेलं नाही, तेव्हा मला तो शब्द अगदी सावध वाटला होता. तिने माइक चालू करून एवढंच विचारलं, “कथित कुणासाठी? आमच्याकडे तेव्हा आई लाकडावर भात शिजवत होती.” पुढचा अर्धा तास मी बचाव करत होतो. माझ्या घरात कुकरची शिट्टी झाली, तेव्हा तीही हसली.

पूर्वपक्षात काहीच तथ्य नाही, असं मी म्हणत नाही. चाळीस काळ्या चौकटी, त्यात नुसती नावं आणि बोलणारे तिघं, असे तासही मी काढले. लिस्बनमधली आणि पणजीतली जुनी दप्तरं सगळी पडद्यावर आलेली नाहीत, तिथे जाऊन धूळच खावी लागते. आणि ऑनलाइन शिक्षणाच्या नावाखाली चार पर्यायांतून एक निवडायची जी परीक्षा घेतात, तिचा मला प्राध्यापकांपेक्षा जास्त राग आहे. एका देशाने स्वतःच्या बचावासाठी शस्त्रं वाढवली की शेजारी घाबरून आपली वाढवतो, हा सुरक्षेचा पेच अ, ब, क, ड मध्ये कसा मावणार? ‘वर्षभरात मुत्सद्दी व्हा’ अशी जाहिरात करणाऱ्यांनी प्राध्यापकांच्या हातात आयतं कोलीत दिलं आहे. त्यांची टिंगल खुशाल करावी, मी टाळ्या वाजवीन.

माझ्या पुतणीला हाच विषय घ्यायचा आहे. मी तिला सांगितलं, इमारत बघू नकोस, माहितीपत्रकही बघू नकोस. फोन करून एकच विचार: माझा निबंध कोण वाचणार आणि वाचून मला काय लिहून पाठवणार? तिने एका ठिकाणी विचारलं. पलीकडचा मुलगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, “मॅडम, आज रात्री बाराच्या आत फी भरलीत तर २० टक्के सूट आहे.”

तिने दुसऱ्या ठिकाणी फोन लावला.