रिकाम्या तलावाचे भय
हिवाळी वादळात घरच्या पोहण्याच्या तलावाचे रक्षण ही शीत देशांतील गृहस्थांची विवंचना, कारण तेथे गोठणारे पाणी नळ फोडते. पेण-रोह्याकडील फार्महाऊसांच्या अंगणांत जे निळे तलाव अलीकडे मोठ्या हौसेने बांधले जातात त्यांची कसोटी मात्र पावसाच्या तोंडावर लागते, आणि ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर चढून आलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने छपरे, नारळी-पोफळी व विजेचे खांब यांची जी धूळधाण केली ती पाहिलेल्यास या बंदोबस्ताची निकड निराळी सांगावी लागत नाही. वादळाची वर्दी मिळताच तलाव रिता करावा, ही बहुतेकांची पहिली बुद्धी. परंतु ती घातक होय, कारण पर्जन्यकाळी कुंडलिकेकाठच्या किंवा भोगावतीकाठच्या सखल जमिनीत भूजल वर चढते, आणि ते तळाहून एक मीटर जरी उंच आले तरी दर चौरस मीटरमागे सुमारे एक टनाचा दाब खालून देते, तेव्हा आतील पाण्याचा प्रतिभार नाहीसा झालेला हौदच्या हौद नावेप्रमाणे उचलला जातो अथवा तडकतो. म्हणून फार तर वीतभर पाणी उतरवावे, पंपाचा मेन स्विच बंद करावा, क्लोरीनची पावडर कोरड्या जागी हलवावी, खुर्च्या-छत्र्या घरात न्याव्यात (त्या तलावातच बुडवण्याची युक्ती काही जण सांगतात, मला ती पसंत नाही), आणि वादळ शमल्यावर जवळपास विजेची तार तुटून पडलेली नाही अशी खात्री होईपर्यंत त्या पाण्यात कोणीही हात घालू नये.