दुभाष्याची बाजू

परवा रात्री जेवताना नातवाशी वाद झाला. तो शेकडो संगणक जोडून केलेल्या महासंगणकावर गणितं चालवतो आणि ती पायथनमध्ये लिहितो. त्याच्या वरिष्ठांनी म्हणे टोमणा मारला, की पायथन ही आळशांची भाषा. खरं काम करायचं तर सी नाहीतर फोरट्रान. पोरगा हिरमुसला होता. मी जन्मभर मराठी शिकवली, संगणकातलं मला काय कळणार! पण त्याने समजावून सांगितलं तेव्हा वाटलं, अरे, हा तर आपल्या ओळखीचा प्रश्न.

परक्या भाषेतलं पुस्तक वाचायचे दोन मार्ग. आधी सगळं भाषांतर करून घ्यायचं आणि मग सलग वाचायचं. किंवा शेजारी दुभाषी बसवायचा आणि एकेक ओळ समजून घ्यायची. १९५७ साली आयबीएममधून आलेली फोरट्रान ही पहिल्या वाटेची, तर १९९१ साली आलेली पायथन दुसऱ्या वाटेची. दुभाषी हळू, हे खरंच. आकड्यामागून आकडा त्याच्याकडून मोजून घेतला तर तेच काम दहापट, कधी शंभरपटही लांबतं.

मग त्याला महासंगणकावर जागा कशाला? तर त्याने पोती उचलायचीच नसतात, फक्त हुकूम द्यायचा असतो. 'या दहा लाख आकड्यांची बेरीज करा' हे एक वाक्य तो सांगतो. प्रत्यक्ष बेरीज खाली नमपायमधला सी भाषेतला कोड करतो. एका वाक्याला लागलेला वेळ दहा लाखांत वाटला गेला, की उरतो किती? १४ सप्टेंबर २०१५ ला लायगोच्या उपकरणांनी गुरुत्वीय लहर टिपली. ती शोधणाऱ्या प्रणालींपैकी पायसीबीसी ही मुख्यतः पायथनमध्येच लिहिलेली आहे. जड गणित खालच्यांनी केलं, पण शास्त्रज्ञांना आपला विचार सोप्या भाषेत मांडता आला. ही काय लहान गोष्ट आहे?

तरी ते वरिष्ठ अगदीच चूक नाहीत. हजार ठिकाणी एकच पायथन प्रोग्रॅम एकदम सुरू केला, की प्रत्येक जण त्याच सामाईक साठ्याकडे त्याच शेकडो बारीक फायली मागतो. पंगतीत सगळ्यांनी एकाच वाढप्याला हाक मारावी तसं! गणित सुरू व्हायच्या आधीच खोळंबा. संगणकांनी एकमेकांना आकडे पाठवतानाही तेच. पायथनची वस्तू पाठवायची तर इकडे गाठोडं बांधा, तिकडे सोडा. आकड्यांचा सलग साठा पाठवला तर ही उठाठेव लागत नाही. हे ठाऊक नसलेला माणूस सामाईक यंत्र अडवून ठेवतो, वीज जाळतो आणि रांगेतल्या बाकीच्यांना ताटकळत ठेवतो.

म्हणून माझं मत असं, की सोप्या भाषेची लाज नको, पण खाली कोण राबतंय याचं अज्ञान नको. शिकवणाऱ्याने या दोन्ही गोष्टी शिकवाव्यात. टोमण्याने दोन्ही होत नाहीत.

हे मी अनुभवाने सांगतो. वर्गात मुलं घरच्या बोलीत उत्तर द्यायला लागली की मी मध्येच थांबवायचो, 'शुद्ध बोल.' उत्तर बरोबर असायचं हो! प्रमाणभाषा नंतर शिकवता आली असती. काही मुलं त्यानंतर वर्षभर गप्प राहिली. ते आजही टोचतं.

असो. दुसऱ्या दिवशी नातवाने आपला प्रोग्रॅम पुन्हा तपासला. एका ठिकाणी तो दुभाष्याकडूनच पोती उचलून घेत होता. तेवढं बदललं आणि साडेतीन तासांचं काम आठ मिनिटांत झालं. भाषा मात्र पायथनच ठेवली. वरिष्ठांना दाखवणार आहेस ना, विचारलं तर नुसता हसला.