चोर घरातला असेल तर

सोमवारी १५ जून होता. ज्येष्ठांच्या छळाविषयी जगभर जागृती करण्याचा दिवस. आमच्या भागात तो शाल, नारळ आणि रक्तदाब तपासणी असा पार पडला. छळ हा शब्द व्यासपीठावरून कोणी उच्चारला नाही. पहिल्या रांगेत ज्येष्ठांची मुलं बसली होती, उगाच कशाला.

त्याच आठवड्यात ओळखीतल्या एक आजी पोलीस ठाण्यात जाऊन आल्या. मुलाने एटीएम कार्ड काढून घेतलंय, पेन्शन जमा झाली की दुसऱ्या दिवशी खातं रिकामं, विचारलं तर अंगावर धावून येतो. ठाणे अंमलदाराने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मुलाला फोन लावला, "आईला घेऊन जा." झाली कार्यवाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच स्कूटरवर मागे बसून आजी घरी गेल्या.

आता हेच पैसे, याच खात्यातून, फोनवरच्या एखाद्या तोतया सीबीआय अधिकाऱ्याने उडवले असते तर? अनोळखी फोनपासून सावध राहा म्हणून सरकारने अमिताभ बच्चनच्या आवाजात आपले कान किटवलेत. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन गेला की पुढे सरकलेली रक्कम गोठवायला बँका धावाधाव करतात. अंबाल्याच्या एका वृद्ध दांपत्याचे 'डिजिटल अरेस्ट'मध्ये कोटभराहून जास्त रुपये गेले. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये आपणहून दखल घेतली आणि डिसेंबरात अशा प्रकरणांचा देशभरचा तपास सीबीआयकडे सोपवला. उत्तम झालं. त्या दांपत्याला चोराशी जुळवून घ्या असं कोणी सांगितलं नाही. चोराची बाजूही ऐकून घ्यायला हवी, त्याच्या डोक्यावर कर्ज असेल, असं कोणाला सुचलं नाही. आजींना मात्र पहिला प्रश्न, "मुलगाच ना?" आणि या प्रश्नाबरोबर चोरीचा घरगुती वाद होतो.

आपणहून दखल घ्यायचा अधिकार २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने न्यायाधिकरणालाही दिलेला आहे. आपल्याकडे न्यायाधिकरण म्हणजे प्रांत. पूर, निवडणूक, टंचाई आणि वाळूचोर यांतून सवड मिळाली तर ते घेतीलही. पोलिसांत जावं तर साधी मारहाण अदखलपात्र, म्हणजे एनसीचा कागद हातात आणि पुढे कोर्टाची वाट. खुद्द ज्येष्ठ नागरिक कायद्याने गुन्हा म्हणून सांगितलेली गोष्ट एकच, वाऱ्यावर सोडून देणं. त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आईला एसटी स्टँडवर सोडून आलात तर दखलपात्र. घरात ठेवून, पासबुक काढून घेऊन, पोळ्या मोजून वाढल्यात तर तुम्ही आईला सांभाळणारे. छळाला शिक्षा आणि ठाण्यागणिक ज्येष्ठांसाठी एक अधिकारी नेमण्याचं विधेयक २०१९ मध्ये मांडलं होतं. सतराव्या लोकसभेबरोबर तेही बुडालं.

निकाल नोटिशीपासून ९० दिवसांत, अगदीच अडलं तर आणखी ३०, असं कायदा म्हणतो. मुंबईतल्या ऐंशीच्या घरातल्या एका वडिलांनी २०२३ मध्ये अर्ज केला. मुलाने जागा सोडावी असा आदेश २०२४ मध्ये झाला. मुलगा उच्च न्यायालयात गेला. दरम्यान त्याने साठी ओलांडली आणि तोही ज्येष्ठ नागरिक म्हणून आदेशच रद्द झाला! वय अर्जाच्या तारखेचं धरायचं, हे सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

आणि हो, बक्षीसपत्र. राहतं घर मुलाच्या नावे करायला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये. अर्ध्या छळाचं मूळ या दोनशे रुपयांत आहे असं माझं मत. आकडे मागू नका. ठाण्यात नोंदच होत नाही तर ते येणार कुठून? 'सांभाळ करील' ही अट असेल तर कलम २३ खाली बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं, आणि अट दाखवा असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्येच बजावलंय. पण पोटच्या मुलाला अट घालायची आपल्याला लाज वाटते.

केंद्राने राज्यांना दिलेल्या आदर्श नियमांत प्रत्येक ठाण्यात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी, महिन्यातून किमान एक भेट आणि ज्येष्ठांविरुद्धच्या गुन्ह्यांची वेगळी नोंदवही सांगितली आहे. ही वही कोणालाही पाहता यावी असंही त्यात आहे. आजींबरोबर आता मी ठाण्यात जाणार आहे, तेव्हा ती मागणार आहे. तुम्हीही आपापल्या ठाण्यात मागा आणि काय उत्तर मिळालं ते कळवा. "कसली वही?" असं मिळालं, तर तेही ठाण्याच्या नावासकट कळवा.