हरत हरत जिंकलेला सेनापती

शाळेत लॉर्ड कॉर्नवॉलिस आला की मी फळ्यावर दोनच गोष्टी लिहायचो. श्रीरंगपट्टणचा तह, १७९२ आणि कायमधारा, १७९३. हिंदुस्थानात येण्याआधी पाच वर्षे, १७८१ मध्ये, याच गृहस्थाने अमेरिकेत यॉर्कटाऊनला शरणागती पत्करली होती, हेही जाता जाता सांगायचो. पण तिथपर्यंत तो पोचला कसा, हे मला कोणी विचारलं नाही आणि मीही शोधलं नाही.

परवा नातवाच्या कपाटात टेरी गोलवे यांचं 'वॉशिंग्टन्स जनरल' हाती लागलं. नॅथॅनियल ग्रीन या सेनापतीचं चरित्र. इंग्रजी पुस्तक म्हटलं की आमचा मराठी माध्यमाचा हात जरा अडखळतो. शब्दकोश शेजारी घेऊनच बसलो, पण तो फारसा उघडावा लागला नाही.

हा ग्रीन ऱ्होड आयलंडचा. घराणं क्वेकर, म्हणजे युद्धच पाप मानणारं. एका पायाने लंगडा, त्यात दमा. युद्धशास्त्र शिकला ते पुस्तकं वाचून! डिसेंबर १७८० मध्ये दक्षिणेतल्या सैन्याची सूत्रं त्याच्याकडे आली, तेव्हा शिपायांच्या अंगावर धड कपडेही नव्हते.

कॉर्नवॉलिस पाठीशी लागला. ग्रीन मागे सरकत राहिला आणि आधीच जमवून ठेवलेल्या होड्यांतून डॅन नदी पार करून निसटला. पुन्हा परतला. १५ मार्च १७८१ ला गिलफर्ड कोर्टहाऊसला लढला आणि हरला. पण कॉर्नवॉलिसचं जवळजवळ पाव सैन्य त्या दिवशी मेलं किंवा जखमी झालं. तो आधी किनाऱ्याकडे गेला, तिथून व्हर्जिनियात आणि शेवटी यॉर्कटाऊनला. इकडे ग्रीन दक्षिण कॅरोलायनात हॉबकर्क्स हिलला हरला, नाइन्टी सिक्सचा वेढाही त्याला उठवावा लागला. तरीही वर्षअखेर दक्षिण कॅरोलायना आणि जॉर्जियात इंग्रजांच्या हाती मुख्यतः चार्ल्सटन आणि सव्हाना ही बंदरंच उरली होती.

हे वाचताना मला एक जुनी उत्तरपत्रिका आठवली. 'पानिपतात कोण जिंकले?' एका वाक्यात उत्तर, एक गुण. एका मुलाने लिहिलं होतं, 'अब्दाली जिंकला, पण तो तर परत निघून गेला.' मी अर्धा गुण कापला होता. विचारलं तेवढंच लिहावं, असा शेराही मारला होता.

आता वाटतं, त्या मुलाने इतिहासाचा खरा प्रश्न विचारला होता. जिंकून पुढे काय झालं? लढाईचा निकाल संध्याकाळी कळतो, युद्धाचा कळायला वर्षं जातात.

असं चरित्र मला आवडतं, कारण ते नायकाची आरती करत नाही. शिपायांच्या कपड्यांसाठी स्वतः जामीन राहिलेला ग्रीन कर्जात बुडाला आणि १७८६ मध्ये अवघ्या ४३ व्या वर्षी गेला. पण स्वातंत्र्यासाठी लढलेल्या याच माणसाने आपल्या मळ्यावर गुलाम राबवले. या दोन्ही गोष्टी खऱ्या. एक सांगून दुसरी लपवली, तर ते चरित्र कसलं?

तो मुलगा आता पन्नाशीला आला असेल. भेटला तर त्याचा अर्धा गुण परत द्यायचा आहे.