वेगळा कप कोणासाठी?

राजुरीच्या पंचक्रोशीतल्या एका वस्तीत आम्ही मागे नामकरणाच्या कार्यक्रमाला गेलो होतो. सगळ्यांना स्टीलच्या पेल्यातून चहा आला, एका ताईंना मात्र कागदी कपात. ताई काही बोलल्या नाहीत. चहा प्यायल्या, कप स्वतःच उचलून बाहेर टाकला आणि लेकराचा हात धरून निघून गेल्या. त्यांचे मालक एचआयव्हीने गेले, हे वस्तीला माहीत होते. ताईंना लागण आहे की नाही, हे कोणालाच माहीत नव्हते. गप्प बसणाऱ्यांत आम्हीही होतो, याची आम्हाला लाज वाटते.

आपल्या आजा-पणजाच्या ओंजळीत वरून पाणी ओतले जाई. ती रीत मोडायला बाबासाहेब २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर गेले. त्यांच्या लेकरांनीच आता कप वेगळा काढायचा? कोणी म्हणेल, तो जातीचा विटाळ होता, हा रोग आहे. मग रोग तरी नीट समजून घेऊ.

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. त्यांच्यातल्या काहींच्या अंगावर सीडी-४ नावाचे प्रथिन असते. बाहेरचा जंतू आला की बाकीच्या राखणदारांना जागे करण्याचे काम या सीडी-४ पेशींचे. एचआयव्ही मुख्यतः यांनाच धरतो. तो आधी सीडी-४ ला चिकटतो, मग त्याच पेशीवरच्या दुसऱ्या एका प्रथिनाला, बहुधा सीसीआर-५ ला. एका दाराला दोन कुलपे असावीत तसे हे आहे. दोन्ही उघडली की विषाणूचे आवरण पेशीच्या आवरणात मिसळते आणि आतला ऐवज पेशीत उतरतो. तिथे विषाणू स्वतःची नक्कल डीएनएच्या रूपात करतो आणि ती पेशीच्या डीएनएला जोडून टाकतो. मग ती पेशी आपले काम सोडून नवे विषाणू बनवू लागते आणि शेवटी मरते.

निरोगी मोठ्या माणसाच्या एक घनमिलिमीटर रक्तात साधारण ५०० ते १५०० सीडी-४ पेशी असतात. औषध घेतले नाही तर त्या वर्षानुवर्षे घटत जातात. २०० च्या खाली गेल्या की त्या अवस्थेला एड्स म्हणतात. राखणदारच उरले नाहीत, म्हणून क्षयासारखे रोग घर करतात. इथपर्यंत यायला बहुतेकांना आठ-दहा वर्षे लागतात. तोवर माणूस धडधाकट दिसतो.

आता कपाचा विचार करा. विषाणूला त्या पेशींपर्यंत पोहोचायचे तर रक्त, वीर्य, योनीतला स्राव किंवा आईचे दूध यांची वाट लागते. असुरक्षित शरीरसंबंध, दूषित सुई, तपासणी न केलेले रक्त आणि लागण झालेल्या आईकडून बाळाला, एवढेच मार्ग आहेत. थुंकी, घाम, ताट, पाणी, संडास, डास यांतून तो येत नाही. म्हणजे वेगळ्या कपाने काहीच थांबत नाही.

आम्ही तर म्हणतो, वेगळा कप हा रोग पसरवतो. तो पाहून वस्तीतला दुसरा माणूस तपासणीला जात नाही. ज्याला माहीत आहे, तो गोळ्या लपवून ठेवतो, पाहुणे आले की एखादी चुकवतो. पेशींच्या डीएनएत लपून बसलेला विषाणू गोळ्यांनी मरत नाही, फक्त त्याची वाढ थांबते. गोळ्या सुटल्या की तो पुन्हा उठतो. म्हणूनच कोणा बाबा-वैद्याच्या ‘मुळापासून बरे करतो’ या बोलण्याला भुलून गोळ्या बंद करू नयेत.

गोळ्यांची ताकद किती, हे कळायला लांब जायला नको. आळेफाट्यावरून पुण्याला जाताना नाशिक रस्त्यावरच भोसरी लागते. तिथल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने नऊ देशांत झालेल्या एका अभ्यासात भाग घेतला होता. त्यात १,७६३ जोडपी होती आणि प्रत्येक जोडप्यात एकालाच लागण होती. ज्यांना औषध लवकर सुरू केले, त्यांच्याकडून जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी झाली, असे २०११ मध्ये दिसले. आज एवढे पक्के कळले आहे की, नियमित गोळ्यांनी रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातूनही लागण होत नाही. आईने वेळेवर औषध घेतले तर बाळही बहुतेक वेळा वाचते.

ही औषधे २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशन व चाचणी केंद्रात तपासणीही मोफत होते आणि नाव गुप्त राहते. १०९७ या क्रमांकावर फुकट माहिती मिळते. २०१७ च्या कायद्याने नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचे घर यांत एचआयव्हीबाधितांशी भेदभाव करण्यास बंदी आहे.

पण घरातल्या चहाच्या कपावर कायदा कुठवर नजर ठेवणार? ते आपणच पाहायचे. तथागतांनी आजारी भिक्खूला स्वतःच्या हातांनी धुतले, ही गोष्ट आपण विहारात मुलांना सांगतो. तीच मुले घरात आपण कोणाला कोणता कप देतो, हेही पाहत असतात. त्या ताई पुढच्या कार्यक्रमाला येतील की नाही, ठाऊक नाही. त्यांना बोलवायला आम्ही स्वतः जाणार आहोत. चहा सगळ्यांना एकाच पेल्यांतून मिळेल.

जय भीम.